खण, तातामी आणि कामगाराची खोली

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ, चितेगावचे शिवार लागते. १९८० च्या दशकात व्हिडिओकॉन कंपनीने जपानच्या तोशिबा कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेऊन रंगीत दूरचित्रवाणी संच बाजारात आणले आणि चितेगावचा तिचा कारखाना मराठवाड्याच्या औद्योगिक प्रगतीची खूण म्हणून दाखविला जाऊ लागला. २०१८ साली ही कंपनी दिवाळखोरीच्या न्यायिक प्रक्रियेत गेली. आता त्याच रस्त्यावर आणखी पुढे, बिडकीन येथे, ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र आखले गेले आहे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने संभाजीनगर जिल्ह्यात मोटारींचा कारखाना काढण्यासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. त्यात सुमारे वीस हजार कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित आहे. चाळीस वर्षांच्या अंतराने जपानचे तंत्र या भागात दुसऱ्यांदा येत आहे. पहिल्या खेपेस दूरचित्रवाणीचा संच आला, या खेपेस मोटार येईल. परंतु ज्या देशातून हे तंत्र येते त्या देशातील सामान्य माणूस कोणत्या घरात राहतो, ते घर कोण बांधतो, कोणत्या मापाने बांधतो आणि त्याचे पैसे कोठून येतात, हा प्रश्न मागेही कोणी विचारला नाही आणि आजही कोणी विचारीत नाही.

प्रश्न विचारण्याचे कारण साधे आहे. कारखाना उभारताना यंत्र कोठे बसेल, त्याला किती जागा लागेल, त्याभोवती हवा कशी खेळेल, याचा आराखडा इंचाइंचाने केला जातो. ते यंत्र चालविणारा माणूस पाळी संपवून जेथे पाठ टेकतो त्या जागेचा आराखडा मात्र कोणीच करीत नाही. चितेगाव असो, वाळूज असो वा रांजणगाव असो, कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या गावांत ही जागा ठरून गेलेली आहे: एका ओळीत बांधलेल्या दहा बाय दहाच्या खोल्या, वर पत्रा, पुढे सामाईक नळ आणि टोकाला सामाईक शौचकूप. वैशाखात पत्रा तापला की खोलीतील माणसे बाहेर येतात, आषाढात पत्रा गळू लागला की सामान एका कोपऱ्यात सरकते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत अभ्यास, त्याच खोलीत बाळंतपण आणि त्याच खोलीत आजारपण. रात्रपाळीहून आलेल्या माणसाने दिवसा झोपायचे असेल तर मुलांनी कोठे जायचे, हे या खोलीला ठाऊक नाही.

मापाचे घर

जपानी घराविषयी आपल्याकडे एक रम्य कल्पना रुळलेली आहे: कागदी दारे, गवताच्या चटया, बाहेर नेटकी बाग. ही कल्पना अगदीच खोटी नाही. पण जपानच्या सामान्य घराचे खरे वैशिष्ट्य त्या कागदात किंवा बागेत नाही. ते त्याच्या मापात आहे. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्याची जाड बैठक, वर लव्हाळ्याच्या विणीचे आच्छादन. एका माणसाला निजण्यापुरती ही बैठक साधारणतः सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असते. दोन खांबांमधले अंतर मोजण्याचे ‘केन’ हे मापही जवळपास तेवढेच, सहा फुटांचे. दोन तातामी शेजारी शेजारी मांडल्या की एक ‘त्सुबो’ होतो, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर. खोली किती मोठी, असे विचारले तर जपानी माणूस फुटांत उत्तर देत नाही. साडेचार तातामींची, सहा तातामींची, आठ तातामींची, असे सांगतो. म्हणजे खोलीचे माप हे मुळात माणसाच्या देहाचे माप आहे.

प्रांताप्रांतांत या मापात थोडा फरक असे. पण एका प्रांतात ते सर्वांना ठाऊक असे. याचा परिणाम फार दूरवर गेला. सुताराला प्रत्येक घरासाठी नवा नकाशा काढावा लागत नसे. लाकूड विकणारा ठरलेल्या लांबीच्या तुळया आधीच कापून ठेवी. दारे-खिडक्या करणारा कारागीर घर न पाहताही सरकती दारे करू शके. जुन्या ओसाका शहरात तर भाड्याच्या घराची अशी पद्धत होती की, मालकाने केवळ सांगाडा द्यायचा आणि भाडेकरूने आपल्या तातामी व दारे घेऊन यायचे. एक घर सोडून दुसऱ्या घरात जाताना तो त्या बरोबर नेई, आणि त्या नव्या घरात नेमक्या बसत. कारण सारे शहर एकाच मापाने बांधलेले होते. माप हा कलावंताचा लहरी खेळ राहिला नाही, तो समाजाचा करार झाला. सामान्य माणसाला घर परवडते ते अशा करारामुळे.

हे वाचून मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. त्याच्याही घराला माप होते, आणि त्या मापाचे नाव होते ‘खण’. दोन खणांचे घर, पाच खणांचे घर, सात खणी माडी, असे गावात सहज बोलले जाई. दोन तुळयांमधील गाळा म्हणजे खण. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचनांची दाटी, तिच्यावर पाला आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे माळवदाचे किंवा धाब्याचे घर. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या. दगड आणि माती यांच्या. दारातून आत येताना ढाळज, पुढे ओसरी, भिंतीलगत धान्याचे बळद, छतात उजेडासाठी व धूर जाण्यासाठी साणे. बाहेर उन्हाचा वणवा पेटलेला असताना आत गारवा असे. जपानी घराला पुढे लाकडी पडवी असते, तिला ‘एंगावा’ म्हणतात. घर आणि अंगण यांच्यामधली ती जागा आपल्या ओसरीची बहीण शोभावी अशी आहे. तेथेही वहाणा दारात काढून, जमिनीवर बसून, जमिनीवरच निजण्याची रीत होती.

मग फरक कोठे पडला? जपानमध्ये ‘केन’ आणि ‘तातामी’ ही मापे नव्या काळात आली. सिमेंट आले, पोलादी पट्ट्या आल्या, कारखान्यात कापलेले लाकूड आले, तरी आजही तेथील लाकडी घराचा आराखडा ९१० मिलिमीटरच्या, म्हणजे अर्ध्या केनच्या, पटीत काढला जातो. आपल्याकडे खण मेला. लाकूड महागले, माळवद घालणारे हात पांगले, गवंड्याने विटा आणि पत्रा हाती घेतला. आणि खणाच्या जागी नवे माप आले ते जमीन विकणाऱ्याचे, म्हणजे गुंठ्याचे. शेतजमिनीचे तुकडे पाडून बिगरशेती परवान्यावाचून विकायचे आणि त्यांवर लोकांनी मिळेल तसे घर उभे करायचे, या व्यवहाराला ‘गुंठेवारी’ असे नाव पडले. ती नियमित करण्यासाठी २००१ साली कायदा करावा लागला आणि २०२१ साली त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घ्यावी लागली. माणसाच्या देहाचे माप जाऊन जमिनीच्या भावाचे माप आले, हीच या अर्धशतकाची कथा आहे.

दोन पहाटा

जुन्या घराचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटत नाही, हे दोन पहाटांनी शिकविले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची धरणी हादरली. गणेशविसर्जन करून गावे नुकतीच निजली होती. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाच्या नकाशावर हा भाग त्या वेळी सर्वांत निर्धोक गणलेल्या पहिल्या विभागात होता. माणसांना मारले ते धरणीने नव्हे, घराने. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर घातला जाई. वर्षानुवर्षांच्या थरांनी छत जड झाले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंती आतल्या आत फुटल्या. तज्ज्ञांनी नंतर जे नोंदविले ते मात्र विचार करायला लावणारे आहे: अनेक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, म्हणजे खण, उभाच राहिला होता आणि त्याला बिलगलेल्या भिंती ढासळल्या होत्या.

पुढे सोळा महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी, जपानमधील कोबे शहर हादरले. या भूकंपात ६,४३४ माणसे मृत्यू पावली. तेथेही बहुतेक माणसे घराखाली चिरडून मेली, आणि तीही जुन्या लाकडी घरांखाली, ज्यांवर चिखलाच्या थरात बसविलेली जड कौले होती. किल्लारी आणि कोबे यांच्यात संपत्तीचे केवढे अंतर. पण मारेकरी एकच: कमकुवत अंगावरचे जड छत.

या साम्यापुढे जो भेद आहे तो मात्र धोरणाचा आहे. जपानने १९८१ साली बांधकामाचे नियम कडक केले होते. त्या नियमांनंतर बांधलेली घरे कोबेत पुष्कळ प्रमाणात टिकली, जुनी पडली. शासनाने त्यातून धडा घेतला. १९९५ सालीच जुन्या इमारती बळकट करण्याचा कायदा झाला. २००० साली लाकडी घरांच्या सांध्यांना कोठे कोणती लोखंडी पट्टी लावायची, तिरके आधार भिंतीत कसे वाटून द्यायचे, याचे नियम आले. त्याच वर्षापासून नव्या घराच्या मुख्य सांगाड्याची दहा वर्षांची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकणारा कायदा अमलात आला. जपानचा सुतार आपल्या सुतारापेक्षा जन्मतः शहाणा नाही. त्याने काय करायचे हे लिहून ठेवलेले आहे, त्याने ते केले की नाही हे पाहणारा माणूस आहे, आणि न केल्यास दाद मागण्याची सोय आहे. एवढाच तो भेद.

किल्लारीनंतर आपल्याकडेही पुष्कळ काम झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. जागतिक बँकेचे कर्ज आले, स्वयंसेवी संस्था धावल्या, बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. पण नव्या घरांचे माप कसे ठरले? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर जमीन असणाऱ्याला ४०० चौरस फूट. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. भूकंपाने गरीब-श्रीमंत असा भेद केला नव्हता. शासनाने तो सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून पुन्हा उभा केला. शेतमजुराच्या घरात माणसे कमी असतात काय? त्याच्या लेकरांना झोपायला जागा कमी लागते काय? ज्याच्यापाशी शेत नाही त्याला घरही लहान, हा न्याय कोणत्या मोजपट्टीतून निघाला? खण आणि तातामी या दोन्ही मापांना तो ठाऊक नव्हता.

दारिद्र्यात आखलेले माप

‘जपान श्रीमंत आहे, त्याला परवडते’ असा आक्षेप येथे हटकून घेतला जातो. तो इतिहासाला धरून नाही. १९४५ साली जपान हरलेला, जळालेला आणि उपाशी देश होता. सुमारे ४२ लाख घरांचा तुटवडा होता. माणसे जळक्या पत्र्यांच्या खोपटांत आणि मोडक्या बसगाड्यांतही राहत होती. सामान्य घराविषयीचे पायाभूत निर्णय त्या देशाने नेमके याच काळात घेतले, श्रीमंती आल्यानंतर नव्हे. १९५० साली सरकारी गृहकर्ज महामंडळ स्थापन झाले. ते सामान्य कुटुंबाला दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज देई. मात्र घर महामंडळाने छापलेल्या विनिर्देशांप्रमाणे बांधले पाहिजे, अशी अट असे. त्यामुळे गावोगावच्या छोट्या सुतारांच्या हाती ती पुस्तिका गेली आणि कर्जाबरोबर बांधकामाचे ज्ञानही पसरले. १९५१ साली सार्वजनिक गृहनिर्माणाचा कायदा झाला आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी भाड्याची घरे बांधणे हे स्थानिक शासनाचे कर्तव्य ठरले.

त्याच वर्षी तोक्यो विद्यापीठातील योशिताके यासुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक घरांसाठी एक नमुना तयार केला. तो ‘५१ सी’ या नावाने ओळखला जातो. सारे घर बारा त्सुबोंचे, म्हणजे सुमारे ४० चौरस मीटरचे. त्यात निजण्याच्या दोन खोल्या, आणि स्वयंपाक व जेवण यांसाठी वेगळी जागा. या नमुन्यामागे निशियामा उझो या डाव्या विचारांच्या वास्तुशास्त्रज्ञाचे संशोधन होते. गरिबांचे घर लहान असणार, तेव्हा त्यांनी एकाच खोलीत जेवावे आणि तेथेच निजावे, असे तज्ज्ञ मानीत. निशियामांनी सामान्य लोकांची घरे प्रत्यक्ष पाहिली. त्यांना आढळले की, कितीही दाटी असली तरी माणसे जेवण्याची आणि निजण्याची जागा वेगळी ठेवण्याची धडपड करतात. म्हणजे जी गोष्ट गरिबाला परवडत नाही असे तज्ज्ञ म्हणत होते, तिच्यासाठी गरीब स्वतः झगडत होता. नियोजनाने त्याला शिकवायचे नव्हते, त्याच्याकडून शिकायचे होते.

यापूर्वी, १९४९ साली, हामागुची मिहो या वास्तुरचनाकार स्त्रीने जपानी घरातील सरंजामशाहीवर एक पुस्तक लिहिले होते. पाहुण्यांची बैठक दक्षिणेच्या उबदार उजेडात आणि स्वयंपाकघर उत्तरेच्या अंधाऱ्या गारठ्यात, ही रचना निसर्गाने केलेली नाही. घरात कोणाला किती मान आहे याचा तो नकाशा आहे, असे तिचे म्हणणे होते. १९५५ साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाच्या घरांत स्वयंपाकाची जागा उजेडात आली, तेथे टेबल आले, पोलादी मोरी आली. त्या कामात हामागुचींचाही वाटा होता. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात चूल कोठे असे आणि बैठक कोठे असे, हे ज्याने पाहिले आहे त्याला या टीकेचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत तर तो नकाशाही उरलेला नाही. तेथे धूर सर्वांच्या वाट्याला येतो आणि काम तेवढे स्त्रीच्या.

आजच्या जपानमध्ये शासनाच्या गृहनिर्माण आराखड्यात किमान जागेचे एक सूत्र आहे. एकट्या माणसाला किमान २५ चौरस मीटर. दोन किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला माणशी १० चौरस मीटर आणि वर आणखी १०. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ५० चौरस मीटर. हे सूत्र न्यायालयात बजावता येणारा हक्क नव्हे, ते धोरणाचे लक्ष्य आहे. तथापि कोणती कुटुंबे त्याच्या खाली आहेत हे त्यामुळे मोजता येते. आता आपल्याकडचा आकडा पाहावा. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविले गेले आणि सपाट प्रदेशासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. जपानमध्ये जी एका माणसाची किमान जागा, तीच येथे चुलीसकट संपूर्ण कुटुंबाची. आणि तीही घर बांधण्यासाठी स्वतःची जागा असणाऱ्याची. चितेगावच्या भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार या हिशेबात कोठेच नाही. कारण त्याचे नाव यादीत असलेच तर ते त्याच्या मूळ गावच्या यादीत. दहा बाय दहा म्हणजे ९.३ चौरस मीटर. चौघांसाठी जपानने ठरविलेल्या किमान जागेच्या पाचव्या हिश्शाहूनही ही खोली लहान आहे.

अनुकरण कशाचे करावे

जपानचे सारेच उचलावे, असे नव्हे. त्या देशात घर ही टिकाऊ वस्तू न राहता विकाऊ वस्तू झाली आहे. लाकडी घराचे मोल हिशेबाच्या वहीत बावीस वर्षांत शून्यावर येते. तीसेक वर्षांची घरे पाडून नवी बांधली जातात आणि सामान्य नोकरदार आयुष्यभर कर्ज फेडीत राहतो. १९७० च्या दशकात टोयोटासारखी मोटार कंपनीही घरे बनवून विकण्याच्या धंद्यात उतरली, यातच सारे आले. दुसरीकडे २०२३ च्या पाहणीत तेथे सुमारे ९० लाख घरे, म्हणजे दर शंभरातील जवळजवळ चौदा, रिकामी आढळली. कोबेच्या भूकंपानंतर चिठ्ठ्या टाकून तात्पुरती घरे वाटली गेली. म्हाताऱ्या माणसांचा शेजार तुटला आणि कित्येक जण त्या घरांत एकाकी मेले. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा पुन्हा वृद्धांची जुनी घरेच कोसळली. कारण नियम होते, पण घर बळकट करण्याचा खर्च पेलणारे हात त्या घरांत नव्हते. नियमाला पैशाचे पाठबळ नसेल तर तो ज्यांना गरज नाही त्यांचेच रक्षण करतो, हा धडा जपानच्या अपयशातून घ्यावा.

यशातून घ्यावयाचा एक धडा भाडेकरूविषयी आहे. १९४१ साली जपानी कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, रास्त कारण असल्याखेरीज घरमालकाला भाडेकरार संपविता किंवा त्याचे नूतनीकरण नाकारता येणार नाही. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार ही सुद्धा चैन आहे. कारखान्याभोवतीच्या गावांत बहुधा तोंडी शब्दावर खोली मिळते आणि तोंडी शब्दावर जाते. त्याची किंमत किती असते हे २०२० च्या टाळेबंदीने दाखविले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर पायी गावाकडे निघाले. थकून करमाडजवळ रेल्वेमार्गावर निजले, आणि ८ मे रोजी पहाटे मालगाडीखाली त्यांतील सोळा जण ठार झाले. काम थांबताच ज्याला राहण्याची जागा उरत नाही, तो कामगार त्या जिल्ह्याचा रहिवासी कधीच झालेला नसतो. त्यानंतर दोनच महिन्यांनी केंद्र शासनाने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना मंजूर केली. म्हणजे प्रश्न शासनालाही समजला होता; तो समजायला सोळा प्रेते पडावी लागली.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खोलीचे किमान माप ठरवून दिले आणि ते केवळ खोली भाड्याने देणाऱ्यावर लादले, तर भाडे वाढेल आणि कामगार आणखी दूरच्या, आणखी लहान खोलीत जाईल. शिवाय खोल्या बांधणारा हा नेहमीच धनदांडगा नसतो. पुष्कळदा तो संपादनात जमीन गेलेला किंवा दुष्काळाने शेती सोडलेला शेतकरी असतो, आणि चार खोल्यांचे भाडे हेच त्याचे म्हातारपणाचे वेतन असते. दोन गरजवंतांना एकमेकांशी झुंजविणे हे समाजवादी धोरण नव्हे. म्हणूनच मापाबरोबर कर्ज हवे, कर्जाबरोबर नमुना हवा, आणि या दोहोंच्या शेजारी सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे हवीत. १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत जपानने हे तिन्ही धागे जवळजवळ एकदमच हाती घेतले होते. एकच धागा ओढला तर वस्त्र होत नाही, गाठ होते.

तेव्हा पैठण रस्त्यावर नव्या कारखान्यांना जमीन, पाणी, वीज आणि करसवलती देताना शासनाने चार गोष्टी मागाव्यात व चार गोष्टी स्वतः कराव्यात, अशी मागणी कामगार संघटनांनी आणि चितेगाव-बिडकीन परिसरातील ग्रामपंचायतींनी आजच केली पाहिजे. कारखान्याने किती कायम व किती कंत्राटी कामगार घेतले जातील, त्यांतील किती बाहेरगावचे असतील, ते जाहीर करावे. त्या संख्येच्या प्रमाणात भाड्याच्या सार्वजनिक घरांसाठी निधी द्यावा. कंत्राटी कामगाराला त्या घरांत कायम कामगाराइतकाच अधिकार असावा. आणि काम सुटले म्हणून घर त्याच दिवशी सुटू नये. शासनाने माणशी किमान जागेचे माप ठरवावे, आणि ते सातबाऱ्यावरून नव्हे, घरातील डोक्यांवरून. मराठवाड्याच्या उन्हाला व मातीला साजेसे, हलक्या पण गार छताचे पाच-सात नमुने गवंड्यांच्या हाती मराठीत छापून द्यावेत. त्या नमुन्याप्रमाणे खोल्या बांधणाऱ्या स्थानिक शेतकऱ्याला स्वस्त कर्ज द्यावे. आणि बांधकाम चालू असताना येऊन पाहणारा अभियंता तालुक्याला नेमावा, ज्याची सही नसेल तर शेवटचा हप्ता मिळणार नाही.

यांतील एकही गोष्ट परदेशातून आणावी लागणार नाही. माप ठरविणे आपल्याला नवे नाही. खण हे माप याच मातीत, अक्षरओळख नसलेल्या सुतारांनी सांभाळले होते. जपानकडून शिकायचे ते इतकेच की, यंत्राचे माप जितक्या काटेकोरपणे ठरते तितक्याच काटेकोरपणे माणसाच्या निवाऱ्याचे माप ठरविता येते, आणि गरिबीतच ते आधी ठरवावे लागते. बिडकीनच्या कारखान्यात मोटारीसाठी किती चौरस मीटर लागतील याचा आकडा त्याच्या आराखड्यात नक्कीच असेल. ती मोटार जोडणाऱ्या माणसाच्या कुटुंबासाठी किती लागतील, तो आकडा कोणत्याच कागदावर नाही. कारखान्याची पहिली वीट बसण्याआधी तो कागदावर आला पाहिजे.